ह्यांची संध्याकाळची अस्वस्थता आणि वाढत चाललेल्या गोळ्या: कागदावर सही करू का?

वसुधा६९ | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. मी नाशिकची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. ह्यांचं वय ७६. एसटीत कंडक्टर होते. अल्झायमरचं निदान सात वर्षांपूर्वी झालं. सहा वर्षं मी घरी सांभाळलं. गेल्या वर्षी एका पहाटे कडी काढून निघून गेले, ते दुपारी म्हसरूळला एका रसवंतीच्या बाकावर बसलेले सापडले. पायात चप्पल नव्हती. माझ्याही मणक्याचं दुखणं वाढलेलं. शेवटी मुलाने आणि मी मिळून ठरवलं आणि त्यांना शहराबाहेरच्या एका केंद्रात ठेवलं. मी एक दिवसाआड जाते.

आधी बरं चाललं होतं. ऑगस्टपासून संध्याकाळी पाच-साडेपाच झाले की उठतात. "मुक्कामी गाडी लागली, ट्रे कुठाय?" (ट्रे म्हणजे कंडक्टरची तिकिटांची पेटी) एवढंच बोलत दाराशी जातात. दाराला कुलूप. मग दार वाजवतात, कोणी धरलं की हात उगारतात. एकदा तिथल्या मावशींच्या डोळ्याखाली लागलं. लग्नाला ४७ वर्षं झाली, ह्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नाही हो.

डोनेपेझिल आणि मेमंटिन या अल्झायमरच्या जुन्याच गोळ्या आहेत. सप्टेंबरात केंद्रात येणाऱ्या डॉक्टरांनी शांत राहण्यासाठी रिस्पेरिडोन सुरू केली. आधी रात्री अर्धा मिलिग्रॅम, मग सकाळ-रात्र अर्धा, आता सकाळ-रात्र एक. मध्ये अंग ताठ झालं, हात थरथरायला लागले, म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल. झोप नाही म्हणून रात्री प्रोमेथाझिन. आता दिवसभर मान खाली, लाळ गळते, पाय फरफटत चालतात. आणि संध्याकाळी मात्र एका जागी दोन मिनिटं बसत नाहीत. बसतात, उठतात, उभ्या उभ्या पाय बदलतात, सारखी पायजम्याची नाडी ओढत राहतात. चारचौघांत. तिथल्या व्यवस्थापिका म्हणाल्या, "आजी, बाकीच्या पेशंटच्या घरचे तक्रार करतात."

आता त्यांनी कागद पाठवला आहे. दुपारीही एक गोळी वाढवायची आणि रात्री गरज पडली तर पलंगाला बांधायची परवानगी. शनिवारी सही हवी आहे. नसेल करायची तर दुसरी सोय बघा म्हणतात. सही करू का? मुलगा म्हणतो, डॉक्टर सांगतात ते कर. माझं मन धजावत नाही आणि का धजावत नाही तेही नीट सांगता येत नाही.

अनंत_डोंबिवली | ४ नोव्हेंबर, रात्री ११:५२

वसुधाताई, शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. तोपर्यंत सही करू नका. सही करायचीच नाही असं म्हणत नाही, पण आधी काही गोष्टी तपासून घ्या.

माझी बायको आठ वर्षं आजारी होती, गेल्या मार्चमध्ये गेली. तिला अल्झायमर आहे म्हणून आम्ही तीन वर्षं धरून चाललो होतो. संध्याकाळी तिला गॅलरीत लहान मुलं बसलेली दिसायची. एकदा पडली म्हणून रुग्णालयात नेलं, रात्री आरडाओरडा केला म्हणून हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे रिस्पेरिडोनच्याच गटातलं, इंजेक्शन दिलं. सकाळी ती लाकडासारखी ताठ. नऊ दिवस घास गिळता येत नव्हता. मग कळलं की तो लुई बॉडी डिमेन्शिया, स्मृतिभ्रंशाचा वेगळा प्रकार, होता आणि त्यात ही औषधं फार जपून द्यावी लागतात, काही तर देऊच नयेत. त्यानंतर ती आधाराशिवाय चाललीच नाही.

ह्यांना समोर नसलेली माणसं, मुलं, प्राणी दिसतात का? गोळ्यांच्या आधीपासून चाल बारीक झाली होती का? एखाद्या दिवशी अगदी शहाण्यासारखं बोलणं आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही, असा चढउतार होता का? हे आठवून लिहून काढा आणि डॉक्टरांना सांगा.

वॉर्ड_सिस्टर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

काकू, रात्रपाळी संपवून आत्ताच वाचलं. बावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काढली आहेत. तुमच्या लिहिण्यातल्या एका शब्दावर मी थांबले. नाडी.

पुरुष पेशंट सारखी नाडी ओढत असेल तर माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की याला लघवी होते आहे का. ह्यांच्या वयात बहुतेकांचं प्रोस्टेट वाढलेलं असतं. त्यात ट्रायहेक्सीफेनिडिल आणि प्रोमेथाझिन, दोन्ही लघवी अडवणारी औषधं. दोन्ही बद्धकोष्ठही करतात. लघवी तुंबली की माणूस बसू शकत नाही, झोपू शकत नाही, आणि डिमेन्शियाचा माणूस "मला लघवी होत नाही" असं सांगूही शकत नाही. तो नाडी ओढतो. लोकांना ते घाणेरडं वाटतं.

डायपर ओला असतो असं केंद्रातले सांगतील. त्यावर विसंबू नका. भरलेल्या मूत्राशयातून थेंबथेंब गळत राहतं, डायपर ओला होतो आणि आत पोट फुगलेलं असतं. आज जा, त्यांना उताणं झोपवा आणि बेंबीखाली हात ठेवून बघा. कडक, गोल काही लागतं का? दाबल्यावर तोंड वाकडं करतात का? शौचाला शेवटचं कधी झालं, तारखेनिशी विचारा. "होतं की रोज" हे उत्तर चालणार नाही.

आणि सगळ्या गोळ्यांची यादी घ्या. नाव, डोस, कोणत्या तारखेला सुरू झाली, कशासाठी. त्याच्या शेजारी तुमच्या आठवणीतल्या तारखा लिहा: नाडी कधीपासून, लाळ कधीपासून, पाय बदलणं कधीपासून. दोन रकाने शेजारी ठेवले की पुष्कळ दिसतं.

स्पष्टवक्ता | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३३

सगळं ठीक आहे, पण ४७ वर्षं संसार केलेल्या माणसाला परक्यांच्या हवाली का केलं? घरी प्रेमाने ठेवलं असतं तर या गोळ्यांची वेळच आली नसती.

अनंत_डोंबिवली | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

स्पष्टवक्ता, मी घरी ठेवलं होतं. आठ वर्षं. मी खाजगी कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, दोन मुली जवळ राहायला आल्या, दिवसा एक बाई आणि रात्री एक. तरी ती रात्री दोन वाजता तेच करायची जे ह्या बाईंचे यजमान संध्याकाळी करतात. आजार घर बघून येत नाही. पहाटे नवरा बेपत्ता झाल्यावर दुपारपर्यंत काय होतं ते ह्या बाईंनी सोसलं आहे. कृपा करून पुन्हा असं लिहू नका.

मनोमित्र | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

वसुधाताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला असतो. पेशंट न बघता डोस सांगणं बरोबर नाही, ते मी करणार नाही. पण डॉक्टरांशी काय बोलायचं हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

तुम्ही ज्याला अस्वस्थता म्हणता ती दोन वेगळ्या जातींची असू शकते. ऑगस्टमध्ये होती ती एक: ठरलेल्या वेळी उठणं, दाराकडे जाणं, कामावर निघणं. त्यात हेतू आहे. आता तुम्ही जे वर्णन करता, बसता न येणं, उभ्या उभ्या पाय बदलत राहणं, ते मला निराळं वाटतं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या गटातल्या औषधांनी काहींना असं होतं की आतून पायांना चैन पडत नाही. आम्ही त्याला ॲकाथिसिया म्हणतो. ज्याला बोलता येतं तो सांगतो की डॉक्टर, पायात मुंग्या सोडल्यासारखं होतंय. डिमेन्शियाचा पेशंट नुसता उठत-बसत राहतो. मग बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला, डोस वाढवा. डोस वाढवला की हे आणखी वाढतं.

सिस्टरनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे, त्यात एकच भर घालतो. डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलिन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकवायला देतात. ट्रायहेक्सीफेनिडिल आणि प्रोमेथाझिन त्याच ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. त्याने गोंधळ वाढतो, कधी कधी भ्रमही होतो. एका औषधाचा त्रास झाला म्हणून दुसरं, त्याचा त्रास झाला म्हणून तिसरं, अशी ही साखळी आहे. ती मी रोज बघतो. माझ्या हातूनही सुरुवातीच्या वर्षांत झाली आहे, म्हणून कोणावर बोट ठेवत नाही.

धोक्याबद्दल. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. डिमेन्शियाच्या वृद्धांवरच्या चाचण्या एकत्र बघितल्या तेव्हा साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्यांतले सुमारे ४.५ टक्के दगावले होते, औषधासारखी दिसणारी नुसती गोळी घेणाऱ्यांतले २.६ टक्के. याचा अर्थ ही औषधं कधीच द्यायची नाहीत असा नाही. कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, प्रचंड भीतीत असेल, बाकी सगळे उपाय थकले असतील, तर मीही देतो. पण थोड्या डोसाने, थोड्या काळासाठी आणि कमी कधी करायची ती तारीख आधी ठरवून.

आणि वेदना बघा. नॉर्वेत २०११ साली १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ डिमेन्शियाच्या पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आठ आठवडे नियमित वेदनाशामक दिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच, त्यांची चिडचिड आणि आक्रमकपणा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला. कंडक्टरने आयुष्य उभं राहून काढलेलं असतं. ह्यांच्या गुडघ्यांचं काय?

एक विनंती: घाबरून एकही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. या गोळ्या उतरवायच्या त्याही पायरीपायरीने.

वसुधा६९ | ५ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. गुडघे दोन्ही गेलेले आहेत. घरी असताना मी रोज तेल लावायची आणि दुखलं की गोळी द्यायची. केंद्राच्या यादीत दुखण्याची एकही गोळी नाही. ते मागत नाहीत, म्हणून दिली जात नाही. मागणार कसे?

अनंतराव, नसलेलं काही दिसत नाही ह्यांना. चाल सप्टेंबरपर्यंत चांगली होती.

सिस्टर, उद्या सकाळी जाते.

तुकाराम_सटाणा | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३१

वैनी, राम राम. मला औषधातलं काय कळत नाही. मी एसटीत ड्रायव्हर होतो, ३१ वर्षं. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

मास्तर (कंडक्टरला आम्ही मास्तर म्हणतो) कोणत्या मुक्कामी गाडीवर होते?

मुक्कामी गाडीचं काय असतं ते सांगतो. दिवसाची फेरी चुकली तर मागनं दुसरी गाडी असते. मुक्कामी चुकली तर रात्रभर गावचे लोक स्टँडवर. शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, दवाखान्यातनं सुटलेलं कोणी. शेवटची गाडी असती ती. त्यामुळं साडेपाचला मास्तरचा जीव वरखाली होतोच, नोकरीत असताना पण व्हायचा. आता तुम्ही दाराला कुलूप लावलं तर त्याला काय वाटत असंल? गाडी फलाटाला लागली, पाशिंजर चढलं, आणि मला कोणी बाहेर सोडंना. मी असतो तर मी पण हात उगारला असता.

त्यांना "आता तुम्ही रिटायर झालात" किंवा "आज ड्युटी नाही" असं सांगत असतील तर बंद करा. ड्युटी नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे पगार कापला. मास्तर आणखी पेटंल. त्यापरीस म्हणा, "मास्तर, गाडी वर्कशॉपला आहे, टायर बदलत्यात, अर्धा तास लागंल, च्या घ्या." ह्याला कोणी मास्तर नाही म्हणत नाही. आणि नावानं किंवा आजोबा म्हणून हाक मारू नका, मास्तरच म्हणा.

लीड्सकर | ६ नोव्हेंबर, पहाटे ३:४०

वसुधामावशी, मी इंग्लंडमध्ये अशाच केंद्रात काम करते, मूळची सातारची. इथे रिस्पेरिडोनला परवानगी आहे ती अल्झायमरमधल्या सततच्या आक्रमकपणासाठी, तीही इतर उपाय करून झाल्यावर आणि सहा आठवड्यांपर्यंतच. चालू ठेवायची तर दर सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की ही गोळी कोणत्या तारखेला पुन्हा बघणार.

तुकारामकाका म्हणतात त्याचा अनुभव आम्हाला रोज येतो. शिवाय केंद्रात संध्याकाळी पाच ते सात काय चालतं ते एकदा बसून बघा. पाळी बदलते, जुनी माणसं पर्स उचलून "चला, येते" म्हणत निघतात, सगळे घरी चाललेले दिसतात. दिवे उशिरा लागतात, सावल्या पडतात. टीव्ही मोठ्याने. आमच्याकडे आम्ही अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावतो, पडदे ओढतो, पाळी बदलताना कोट-पिशव्या पेशंटसमोर उचलत नाही. आणि चालण्याची हौस असेल तर अस्वस्थता सुरू व्हायच्या तासभर आधी चालवून आणतो, नंतर नाही.

बांधण्याबद्दल: बांधलेला माणूस सुटायला बघतो आणि त्यात जास्त लागतं. त्या कागदातला तो भाग तरी नक्की खोडा.

वसुधा६९ | ६ नोव्हेंबर, रात्री ११:४८

सिस्टर, तुमच्या पाया पडते.

सकाळी गेले. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत नारळासारखं कडक. ह्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. व्यवस्थापिकांना दाखवलं, त्या घाबरल्या. चांगल्या बाई आहेत, संध्याकाळी चौदा पेशंटांना दोन मावशी, त्यांनी तरी कुठे बघायचं. मुलगा पुण्याहून निघाला, तोवर रिक्षा करून मी आणि तिथला एक मुलगा मिळून रुग्णालयात घेऊन गेलो. सोनोग्राफी, मग नळी. साडेआठशे मिली लघवी निघाली. पिशवी भरत गेली तसतसे ह्यांचे पाय सैल पडत गेले. उजव्या पायाचा अंगठा दोन महिने सारखा हलायचा, तो थांबला. मग घोरायला लागले, दुपारी बारा वाजता. शौचालाही सहा दिवस झालं नव्हतं, वहीत रोज बरोबरची खूण होती.

एक लिहिते, लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. गेल्या रविवारी ते नाडी ओढत होते आणि समोर शेजारच्या पेशंटची सून बसली होती. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या हातावर चापट मारली. वर्गातल्या मुलाला मारावी तशी. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वॉर्ड_सिस्टर | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:२५

काकू, ती चापट मीही मारली आहे. नवीन असताना, एका मास्तरांना, त्यांच्या मुलीसमोर. त्यांना मूत्रपिंडाचा संसर्ग होता. म्हणून तर नाडी हा शब्द मला लगेच दिसला.

आता पुढचं. नळीची पिशवी मांडीला आतून बांधून पायजमा वर घालायला सांगा, दिसली की ते ओढतील. ओढली तर रक्त येतं. नळी काढल्यावर पहिले दोन दिवस लघवी मोजून वहीत लिहायला लावा, नुसती खूण नको. प्रोस्टेटची गोळी सुरू केली असेल तर उठताना चक्कर येते, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवून मगच उभं करा.

वसुधा६९ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

रुग्णालयात पाच दिवस होतो. तिथे वृद्धांच्या मनोविकारांच्या डॉक्टर येऊन बघून गेल्या. मी दोन रकान्यांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, माझं निम्मं काम तुम्ही करून आणलं. नाडी सुरू झाली ती प्रोमेथाझिन लागल्यावर चौथ्या दिवशी. पाय बदलणं सुरू झालं ते रिस्पेरिडोन सकाळ-रात्र एक झाली त्याच आठवड्यात. मी रोज डोळ्यांनी बघत होते, पण शेजारी शेजारी कधी ठेवलं नव्हतं.

प्रोमेथाझिन बंद. ट्रायहेक्सीफेनिडिल उतरवत आणत आहेत. रिस्पेरिडोन आधी रात्री एक, आता रात्री अर्धी, पुढे बघून पाव. पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा, मागितली नाही तरी. पोट साफ व्हायचं औषध, प्रोस्टेटची गोळी. यादी लांबच आहे, पण आता प्रत्येक गोळीपुढे कशासाठी आणि कधीपर्यंत हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

केंद्राने परत घेतलं. कागदावरचा बांधण्याचा परिच्छेद व्यवस्थापिकांनी स्वतः खोडला. नवीन डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या डॉक्टरांनी मान्य केली, थोडं नाखुशीने.

लाळ गेली. मान वर आली. पण तुकारामभाऊ, काल पाच वाजून पंचवीस मिनिटांनी ते उठले आणि म्हणाले, "ट्रे." ती अस्वस्थता आहेच. ती गोळ्यांची नव्हती.

कळवणची गाडी होती त्यांची. दिंडोरी, वणी, नांदुरी करत जायची.

तुकाराम_सटाणा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

कळवण मुक्कामी! वणीचा घाट रात्री चढायचा, गडाचे भाविक भरलेले. मास्तरला सोपं नव्हतं ते.

वैनी, त्यांना एक पॅड द्या, वर कागद लावून. वेबिल म्हणून. मी आखून फोटो टाकतो, कुठून कुठं, फुल किती, हाफ किती, रक्कम किती. आणि थोडी चिल्लर द्या मोजायला.

वसुधा६९ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पॅड फार आवडलं. मांडीवर घेऊन बसले, पेन कानावर अडकवलं. पण चिल्लर दिली तिथे घोळ झाला. एकदा मोजली, दोनदा मोजली, मग खिसे उलटे केले, गादी उचलली. "शॉर्ट आहे, शॉर्ट आहे." घाम फुटला. शेवटी रात्रीचं जेवण झालंच नाही. मावशी म्हणाल्या, आजी, उद्या नाणी आणू नका.

तुकाराम_सटाणा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०२

चुकलं माझं, वैनी. कॅश कमी पडली की मास्तरला स्वतःच्या खिशातनं भरावी लागते, हे मला माहीत असून मी सांगितलं. ड्रायव्हरला मोजावं लागत नाही ना, त्यामुळं ध्यानात आलं नाही. पैसे अजिबात देऊ नका. नुसतं वेबिल. आणि लिहून झालं की वाहतूक नियंत्रकाची सही लागते त्यावर. सही झाली की मास्तर मोकळा. ती सही कोणीतरी करा.

प्रिया_के | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

सगळा धागा वाचला. माझ्या वडिलांना झोपेसाठी क्लोनाझेपाम देतात आणि दोनदा बाथरूममध्ये पडले. हेही त्यातलंच का?

मनोमित्र | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

प्रिया, असू शकतं. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या गटाने वृद्धांचा तोल जातो, गोंधळ वाढतो, काहींना तर झोपेऐवजी चिडचिडच होते. मात्र बरेच दिवस चालू असेल तर एकदम थांबवू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना पडल्याच्या तारखा आणि वेळा सांगा. गोळीनंतर किती तासांनी पडले हे महत्त्वाचं. आणि पडताना डोक्याला मार लागला असेल तर थांबू नका, आजच दाखवा.

वसुधा६९ | २८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

उशिरा लिहिते आहे, मणक्याने चार दिवस अंथरुणात होते.

आता असं चालतं. साडेचारला तिथला मुलगा त्यांना आवारात तीन फेऱ्या मारून आणतो. पाचला दिवे लावतात, सगळे. मी असले की मी, नाहीतर मावशी, पॅड हातात देतो. ह्यांचं अक्षर गेलं आहे, नुसत्या रेघा ओढतात, पण ओळ सोडत नाहीत. ओठ हलत असतात. काल मी कान जवळ नेला तर स्टॉप चालले होते. मेरी, म्हसरूळ, दिंडोरी. वणीच्या पुढे थांबले, मग पुन्हा मेरीपासून. पडद्याच्या दोरीला दोनदा ओढ देतात, डबल बेल. मग पॅड माझ्यापुढे धरतात. मी सही करते. नीट पूर्ण सही लागते, आद्याक्षरं चालत नाहीत, परत पुढे करतात. सही झाली की पेन कानावर ठेवतात आणि बसतात.

रोज जमतं असं नाही. या आठवड्यात दोन दिवस काहीच चाललं नाही, एकदा दारावर डोकं आपटलं. नव्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आधी लघवी आणि पोट बघायला सांगितलं, दोन्ही ठीक होतं. मग म्हणाल्या, रात्रीची अर्धी आणखी दोन आठवडे तशीच राहू दे, पाव करायची घाई नको. मी हो म्हटलं. गोळीचा राग नाही मला.

मुलाला काल सगळा धागा वाचून दाखवला. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तो येतो आहे, बापाला फेरी मारायला. तुकारामभाऊ, तुमच्या आखलेल्या वेबिलाच्या पन्नास प्रती काढून आणायला त्याला सांगितलं आहे, माझ्याजवळची पानं संपत आली. मधला "हाफ"चा रकाना जरा मोठा करून पाठवाल का? त्यांची रेघ तिथे मावत नाही.